दुसरं जोखड नको

मे १८८५. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावच्या मुलींच्या कॉलेजात २७ वर्षांची एक मराठी विधवा पत्र लिहिते आहे. डॉक्टर व्हायला म्हणून ती इथवर आली होती. पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं आणि तो रस्ता बंद झाला. आता ती इथे शिकते आणि संस्कृत शिकवते. चार वर्षांची मुलगी बराच काळ वाँटेज गावी, सिस्टर्सच्या मठात असते. या मठाने तिला आसरा दिला, इंग्रजी शिकवलं, दोन वर्षांपूर्वी तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला. पत्र आहे त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डाईनना, म्हणजे जिला ती आपली धर्ममाता मानते तिला.

आणि पत्रात ती काय लिहिते? मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निवाडा आहे. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मी महाप्रयासाने मानेवरून उतरवलं आहे. आता तुमच्या पाद्र्यांच्या तोंडून येईल ते सगळं परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारायचं, म्हणजे तसंच दुसरं जोखड घ्यायचं. त्याला मी तयार नाही.

हे पत्र लिहिणाऱ्या पंडिता रमाबाई. पत्राचा सूर असा असला, तरी ख्रिस्ती धर्म सोडायचा विचार त्यात कुठेही नाही. त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या. खरं तर पुढे जास्त जास्त ख्रिस्ती होत गेल्या.

आपल्याकडे रमाबाई दोन रूपांत भेटतात. एक शाळेच्या पुस्तकातल्या: स्त्रीशिक्षण, शारदा सदन, टपाल तिकीट, पुढचा धडा. दुसऱ्या फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमधल्या: धर्म बाटवणाऱ्या, परदेशी पैशांवर मुली ओढणाऱ्या. पहिल्या रूपात त्यांची श्रद्धा संकोचाने झाकलेली असते, दुसऱ्यात ती गुन्हा असते. ती श्रद्धा नेमकी कशावर होती, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. मला मात्र वाटतं की रमाबाईंच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी भांडणं तिथूनच सुटतात. भांडणं म्हणजे पुण्याशी, मठाशी, बिशपांशी आणि इंग्रज सरकारशीही. एवढ्या सगळ्यांसमोर एकटी बाई कशाच्या जोरावर उभी राहिली?

त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं: कृपा. हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की तो कानावरून घसरतो. ‘देवाच्या कृपेने सगळं ठीक’, ‘साहेबांची कृपा’, ‘कृपया रांगेत उभे राहा’. रोजच्या मराठीत कृपा वरून खाली येते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. ज्याच्यावर कृपा झाली तो मिंधा झाला. ख्रिस्ती विचारात, निदान पौलाने तो मांडला तसा, गणित उलटं आहे. कृपा कमवलेली नसते, म्हणून ती गमावण्याच्या भीतीने कुणी तुम्हाला धमकावू शकत नाही. देवासमोर उभं राहण्याचा हक्क फुकट मिळाला असेल, तर मधल्या माणसाला त्यावर टोल लावता येत नाही.

पौलाने हे पहिल्या शतकात गलतियातल्या मंडळ्यांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या लोकांना, चांगलंच रागावून लिहिलं. तिथे काही जण नव्या विश्वासणाऱ्यांना सांगत होते की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे छान, पण पुरेसं नाही. सुंताही करून घ्या, नियमही पाळा, मग तुम्ही पक्के. पौल म्हणतो, ख्रिस्ताने तुम्हाला मोकळं केलं आहे, तर खंबीर उभे राहा आणि पुन्हा गुलामीच्या जोखडात मान देऊ नका. ज्यांना नियम पाळून नीतिमान ठरायचं आहे ते कृपेतून ढळले, असंही तो पुढे सांगतो. म्हणजे ‘कृपेत खंबीर राहणं’ याचा मूळ संदर्भ शंका न घेण्याचा किंवा निमूट बसण्याचा नाही. कृपेला कुणी पुरवणी अटी जोडू लागला, तर नाही म्हणण्याचा आहे.

जोखड हा शब्द पौलाचा आणि तोच रमाबाईंच्या पत्रातला.

पण मुळात त्यांना या शब्दाची एवढी ओढ का लागावी? त्यासाठी मागे जायला हवं. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यावर टीका झाली, तरी मागे हटले नाहीत. पुढे सगळं कुटुंब वर्षानुवर्षं पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. मिळेल त्यातलं दान द्यायचं, उपास करायचे, पवित्र कुंडांत स्नान करायचं. पुण्य साठत होतं, निदान तशी समजूत होती.

मग १८७०च्या दशकातला दक्षिणेतला मोठा दुष्काळ आला. शिल्लक संपली, दागिने संपले, भांडी संपली. अंगमेहनतीचं काम कधी केलेलं नाही, भीक मागायची लाज. तरीही अनुष्ठानं चालूच होती, कारण देव प्रसन्न झाला की सुटका होईल असं शास्त्रात होतं. वडील गेले. जाण्याआधी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच सेवा कर. थोड्याच काळात आई गेली. आईसाठी मागून आणलेला बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या घशाखाली उतरला नाही. तिला खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. इतरांपेक्षा उंची कमी, त्यामुळे खांदा पुरेना. म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनी डोक्यावर घेतला आणि मसणवट चांगली तीनेक मैल लांब होती. नंतर थोरली बहीणही गेली.

ज्याने हे पाहिलं त्याचा पुण्याच्या जमाखर्चावरचा विश्वास उडाला, तर नवल नाही. रमाबाई आणि श्रीनिवास पुढेही चालत राहिले. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बायकांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्यायची म्हणून त्यांनी धर्मशास्त्रं वाचायला घेतली आणि नेमका तिथेच दुसरा धक्का बसला. एकेका मुद्द्यावर ही शास्त्रं एकमेकांशी भांडतात. पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. बायका, मग त्या वरच्या जातीतल्या असोत की खालच्या, मुळातच वाईट. आणि पुरुषाला मिळतो तसा मोक्ष त्यांना नाही. नवऱ्याची सेवा करून पुढचा जन्म पुरुषाचा मिळाला तर तेव्हा बघू. शूद्रांचीही गत तीच. म्हणजे पुण्याचं खातं उघडायचीच परवानगी नाही, अशी निम्म्याहून जास्त माणसं होती.

यावर तुम्ही म्हणाल, भक्तिपरंपरेत कृपा होतीच की! होती, आणि भरभरून होती. बायकांना आणि शूद्रांना बोलतं करणारी होती. पण रमाबाई ज्या घरात वाढल्या ते शास्त्री घराणं, आणि त्यांनी जी पोथी उघडली ती स्मृतींची. माणूस आपल्या वाट्याला आलेल्या धर्माशीच भांडतो.

पुढची चार वर्षं भराभर गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या कायस्थ वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, जातीबाहेर. १८८१ साली मनोरमा जन्मली. १८८२च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं. त्या पुस्तकाच्या पैशांची प्रवासाला मदत झाली आणि १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या. निघताना ख्रिस्ती व्हायचा इरादा नव्हता आणि त्यांनी तसं सांगितलंही होतं.

मग काय झालं? एक धागा बुद्धीचा. नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे हे स्वतः चित्पावन पंडित, ख्रिस्ती झालेले. त्यांच्या लिखाणाने रमाबाईंच्या बऱ्याच शंका फिटल्या. पण दुसरा धागा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाँटेजच्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलम भागातलं आपलं एक घर दाखवलं. वेश्याव्यवसायातून बाहेर आलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाई चकित झाल्या. आपल्याकडे अशा बाईला समाजात जागाच नसते आणि शास्त्रंही तिच्याबद्दल दया सांगत नाहीत, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी एका सिस्टरला विचारलं की तुम्हा लोकांना या बायकांची काळजी का वाटते? सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माबद्दल बरोबरीने बोलणारा येशू. त्याने आधी तिला सुधारायला सांगितलं नाही. आधी बोलला.

सप्टेंबर १८८३च्या २९ तारखेला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी एक भयंकर घटना घडून गेली होती. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या धर्माच्या छायेत दोघींवर केवढा ताण असेल, याची कल्पना त्यावरून करावी. रमाबाईंचा बाप्तिस्मा ही गोड गोष्ट नाही.

पुण्यात बातमी पोहोचली तेव्हा गहजब झाला. कालपर्यंत त्यांना डोक्यावर घेणारे आज पाठ फिरवून बसले. उघडपणे बाजू घेणाऱ्या मोजक्यांत महात्मा फुले होते. १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचं समर्थन केलं. शास्त्रं वाचलेली बाई शास्त्रं सोडून जाते, तर दोष शास्त्रांत शोधायला हवा, हे त्यांना दिसत होतं.

पण खरी परीक्षा बाप्तिस्म्यानंतर सुरू झाली, आणि ती घेणारे ख्रिस्तीच होते. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, कुमारी मरियेच्या पोटी जन्म ही गोष्ट पटेना, अथनासियसचा मतांगीकार जसाच्या तसा म्हणवेना. जेराल्डाईनबाईंना हा गर्व वाटला. रमाबाई मांसाहार करत नसत, तोही जातीचा अभिमान उरल्याचं लक्षण ठरला. रमाबाईंचं उत्तर साधारण असं की तुम्ही म्हणता तसे माझे जातीचे पूर्वग्रह सगळे गेलेले नाहीत, हे कबूल. पण काय खावं हे मी ठरवीन. शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही.

त्यातलं एक भांडण तर मला फार आवडतं. हिंदुस्थानातल्या सिस्टर्ससाठी क्रूस घडवायचा होता आणि त्यावर लॅटिन अक्षरं कोरायची होती. रमाबाईंनी विचारलं की लॅटिनच का? ब्राह्मणांना संस्कृत देवाची भाषा वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते की काय? मी संस्कृतचा आग्रह धरते ती पवित्र म्हणून नव्हे, माझ्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा म्हणून. ‘ख्रिस्ती झाली म्हणजे देश सोडला’ असं म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचायला हवं.

मग बिशप मधे पडले. कॉलेजबाहेर पुरुषांनाही शिकवण्याचा प्रस्ताव रमाबाईंपुढे आला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी नापसंती कळवली. एका हिंदी बाईने पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशातल्या बायकांत तिचं वजन कमी होईल म्हणे. रमाबाईंना हसावं की रडावं कळेना. माझी आई घरी विद्यार्थ्यांना शिकवायची, माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही. मी शिकवायची, माझ्या नवऱ्याने घेतली नाही. आणि हे परके गृहस्थ घेतात! याच तापलेल्या वातावरणात जोखडाचं ते पत्र आलं.

‘श्रद्धेत खंबीर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंका नसलेला माणूस येतो. रमाबाईंना शंका भरपूर होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. ज्यांच्या घरात राहत होत्या त्यांनाच त्या पत्रातून विचारत होत्या. ख्रिस्ताने मला स्वीकारलं आहे हे नक्की, बाकीचं अभ्यास करून ठरवीन, एवढीच त्यांची भूमिका. तो अभ्यास वर्षानुवर्षं चालला. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, हिंदुस्थानात परतल्यावर, विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. पाद्री असूनही तारण म्हणजे काय हे आपल्याला उशिरा उमगलं, असं तो गृहस्थ सांगतो. रमाबाई थबकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडायचा आहे, असं त्यांना वाटलं. त्यानंतरच्या त्यांच्या लिखाणात तारण ही फुकट मिळालेली देणगी आहे, हा सूर पक्का होतो. ज्या घरात पुण्यासाठी अन्न सोडलं गेलं त्या घरातल्या मुलीला ‘फुकट’ या शब्दाचं वजन वेगळं कळणार.

जेराल्डाईनबाईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ही सगळी कडू-गोड पत्रं त्यांनीच जपून ठेवली आणि लावून ठेवली. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. आपल्याविरुद्धचा पुरावा इतक्या नीटपणे सांभाळणारी बाई लहान मनाची नसणार.

आता पुण्याकडे. अमेरिकेत व्याख्यानं देऊन, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहून रमाबाईंनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. उच्चवर्णीय बालविधवांची शाळा, धर्मशिक्षण नाही, जो तो आपले आचार पाळायला मोकळा, असा करार. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर अशी माणसं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत.

ठिणगी पडली ती एका उघड्या दारातून. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार लोटून घेत नसत, आणि काही मुली येऊन बसत. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी मुलींना बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही. जे स्वातंत्र्य मी माझ्यासाठी मागितलं ते यांनाही आहे.

इथे मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूने नाही. बारा-तेरा वर्षांची विधवा मुलगी, सासर-माहेर दोन्हींनी टाकलेली, आयुष्यात पहिल्यांदा जिने मायेने हात फिरवला तिच्या प्रार्थनेला जाऊन बसते. ही निवड किती मोकळी? जिच्या हातचं खातो तिचा देव आपलासा वाटणारच. रानड्यांना हा प्रश्न पडला तो दुष्टपणाने नव्हे. ते रमाबाईंचे मित्र होते, आणि दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण विरोधात ओरडणाऱ्या बाकीच्यांपैकी किती जणांच्या घरात त्या मुलीला जेवायला पान मिळालं असतं? दार बंद करायला सांगणाऱ्यांनी दुसरं दार उघडलं नव्हतं. ते कर्व्यांनी पुढे १८९६पासून उघडलं, आणि त्यांच्या घरात शारदा सदनात शिकलेली बाई होती.

पुणं पाठमोरं झालं तरी रमाबाईंचा आवाज खाली आला नाही. १८९७च्या प्लेगमध्ये सरकारी इस्पितळात बायकांची कशी हेळसांड होते, सदनातल्या एका मुलीचं काय झालं, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघडपणे मांडलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टने आरोप झटकले. राज्य ख्रिस्ती लोकांचं, म्हणून त्याला झुकतं माप, हा हिशोब त्यांच्याकडे नव्हता.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. तरुणपणी स्वतः उपाशी चाललेल्या रमाबाई आता दुष्काळी भागात जाऊन मुली आणू लागल्या. सुमारे तीनशे आणल्या. प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात एवढ्या मुली ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावला नेलं. दौंडच्या अलीकडचं रेल्वे स्टेशन, जवळ शंभरएक एकर माळरान. आधी तंबू, मग झोपड्या, मग विहिरी, मग इमारती. हे मुक्ती सदन. १९००च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आता सगळ्या जातींच्या मुली होत्या. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती, ‘धर्मशिक्षण नाही’ असा करार उरला नव्हता. मला हे जास्त सरळ वाटतं. विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेलची शाळा, सगळं बायका चालवत.

आणि १८९९ साली त्याच आवारात आणखी एक घर उभं राहिलं: ज्यांना समाज ‘पतित’ म्हणत होता त्या बायकांसाठी. दुष्काळात विकल्या गेलेल्या, फसवल्या गेलेल्या, आजार घेऊन आलेल्या. फुलमला पाहिलेलं घर सोळा वर्षांनी पुणे जिल्ह्यात बांधलं गेलं. त्याचं नाव कृपा सदन. इथे आधी चांगलं वागण्याचं सर्टिफिकेट लागत नव्हतं. जेवण आधी, बिछाना आधी. बदलायचं असेल ते नंतर.

१९०५च्या जूनमध्ये मुक्ती सदनात मोठं आध्यात्मिक उधाण आलं. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, ओरडत. जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार आजही केडगावचा उल्लेख करतात. कॉलेजच्या वाचनालयात बसून सिद्धान्तांवर वाद घालणाऱ्या रमाबाईंना हे कसं चाललं, असं अनेकांना वाटतं. काही अभ्यासक तर इथून पुढच्या रमाबाई बाजूलाच ठेवतात. पण त्यात मला फार विसंगती दिसत नाही. मुलींनी इंग्रजी पद्धतीने गप्प बसूनच देवाशी बोलावं, हीसुद्धा एक पुरवणी अट झाली असती.

शेवटची पंधरा-सतरा वर्षं त्यांनी एका कामाला दिली. बायबलचं मराठी भाषांतर होतं, पण त्यातली भाषा शाळा न पाहिलेल्या बाईला जड. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत, संपूर्ण बायबल नव्याने उतरवू लागल्या. पंडितांना संस्कृतात गप्प करणारी बाई मुद्दाम सोपं लिहीत होती, कारण वाचणारीला मधे पाद्री नको आणि पंडिताही नको. भाषांतर म्हणून ते प्रत्येक ठिकाणी जमलं आहे असं नाही. काही वाक्यं शब्दाला शब्द जोडल्यासारखी अडखळतात. आज चर्चमध्ये ते फारसं वाचलंही जात नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, चाळिशीत. वाँटेजपासून सोबत असलेली, मुक्ती सदनाचा पुढचा आधार मानलेली एकुलती एक लेक. रमाबाई स्वतः थकलेल्या, कान जवळजवळ गेलेले. त्या पुन्हा प्रुफांना बसल्या. शेवटची प्रुफं तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ला, त्यांनी डोळे मिटले. बायबल १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. खिळे जुळवणाऱ्यांत, पानं छापणाऱ्यांत कित्येक जणी अशा होत्या ज्यांना दुष्काळात कुणीतरी रस्त्यावरून उचलून आणलं होतं, आणि अक्षरओळखही इथेच झाली होती.